पणजोबा मूकपटात होते, हे शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पणजोबा नाशिकला फाळक्यांच्या कंपनीत होते आणि मूकपटांत बायकांची कामं करायचे, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. लुगडं नेसलेला त्यांचा एक फोटोही आहे. पण कुठल्याच चित्रपटाच्या नटांच्या यादीत नाव सापडत नाही. मग ते खरंच नट होते का, आणि त्यांचं काम आज कुठे पाहायला मिळेल?

यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते आधी सुटे करायला हवेत. पडद्यावरचं काम पाहायला मिळण्याची शक्यता फार कमी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले. त्यांतले आज तीसही शिल्लक नाहीत, आणि जे आहेत तेही बहुतेक अपुरे. यादीत नाव नाही याचा अर्थ मात्र माणूस नट नव्हता असा होत नाही. त्या काळात नटांची नावं पडद्यावर द्यायची पद्धत पक्की झालेली नव्हती. आज ज्या याद्या दिसतात त्या जाहिराती, पुस्तिका आणि आठवणी यांवरून नंतर जुळवलेल्या आहेत, त्यामुळे मुख्य चार-पाच भूमिकांपलीकडे त्या सहसा जात नाहीत. दरबारी, ऋषी, दासी, वानरसेना यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून अशा शोधात पहिला सल्ला मी हाच देतो की चित्रपट शोधू नका, कंपनी शोधा. मूकपटातला नट आजच्यासारखा चित्रपटागणिक करार करणारा कलाकार नव्हता. तो कंपनीचा पगारी माणूस होता. महिन्याचा पगार, राहणं-जेवण बरेचदा कंपनीकडेच, आणि काम पडेल ते. आज राणी, उद्या राक्षस, परवा पडदे रंगवायला किंवा रिळं धुवायला. अशा माणसाची खूण नटांच्या यादीपेक्षा इतर ठिकाणी जास्त सापडते.

अण्णा साळुंके यांचं उदाहरण यासाठी सर्वांत उपयोगी आहे. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात ते महिना दहा रुपयांवर काम करत होते. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना बाई मिळेना. त्यांनी साळुंक्यांना पंधरा रुपये देऊ केले आणि हॉटेलातला हा मुलगा ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. हरिश्चंद्र होते दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. 1917 मध्ये ‘लंकादहन’ आला, त्यात साळुंके राम होते आणि सीताही तेच होते. राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून ठेवत, असं वर्णन त्या काळाबद्दल येतं. एकाच नटाने नायक आणि नायिका दोन्ही उभे केले आणि लोकांनी ते मनापासून मानलं, यातच साळुंक्यांचं मोठेपण आहे. मला तर वाटतं, आपण त्यांना अजूनही ‘बायकांची कामं करणारा पुरुष’ एवढ्यावरच ठेवतो आणि नट म्हणून त्यांचा विचार फारसा करत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. हेच साळुंके नंतर कॅमेऱ्यामागे गेले आणि हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या अनेक चित्रपटांचे छायालेखक म्हणून त्यांचं नाव येतं. म्हणजे एखाद्याने 1920 नंतरच्या फक्त नटांच्या याद्या चाळल्या, तर त्याला वाटेल साळुंक्यांची कारकीर्द संपली. कंपनीचा माणूस म्हणून पाहिलं तर ती चालूच आहे. शिवाय त्यांचं नाव कुठे अण्णा, कुठे अण्णासाहेब, कुठे नुसतं साळुंके असं येतं. इंग्रजी कागदांत तर हेच आडनाव वाचणाऱ्याला साळुंके, साळुंखे, सोळंके असं काहीही वाटू शकतं. तुमच्या पणजोबांचं नाव शोधतानाही निदान चार रूपं आधी कागदावर लिहून ठेवा : पाळण्यातलं नाव, घरी हाक मारायचे ते, वडिलांच्या नावासह आणि नुसतं आडनाव. जाहिरातींत बहुतेक शेवटची दोनच सापडतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पाहू. सर्वांत आधी सन. मूकपटांचा काळ 1912–13 पासून साधारण 1934 पर्यंतचा, पण पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा काळ त्याहून आखूड आहे. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये 1913 मध्येच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं होतं. 1920 मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त बायका आल्या आणि त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने बदललं. तेव्हा पणजोबांचं जन्मसाल आधी ठरवा. जन्म 1890 ते 1905 च्या दरम्यानचा असेल तर घरातली हकिकत काळाशी जुळते. जन्म 1912 चा निघाला तर स्त्रीभूमिकांची गोष्ट बहुधा नाटक कंपनीची आहे आणि सिनेमा नंतर कधीतरी त्याला चिकटला आहे. हे फार वेळा होतं. बालगंधर्वांच्या जमान्यात स्त्रीपार्टी नट गावोगाव होते, आणि तिसऱ्या पिढीत ‘नाटकात होते’ याचं ‘सिनेमात होते’ व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट गाव. ‘फाळक्यांची कंपनी’ म्हणजे नेमकी कुठली? ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला झाला. त्यानंतर फाळके नाशिकला गेले. 1918 मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. मध्ये फाळके भागीदारांशी पटेना म्हणून काशीला निघून गेले, तरी नाशिकची कंपनी चालू होती. ते परत आले आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपनी टिकली. म्हणजे पणजोबा ‘फाळक्यांच्या कंपनीत’ असूनही त्यांनी ज्या चित्रपटांत काम केलं ते फाळक्यांनी दिग्दर्शित केलेले नसतील. यादी फक्त फाळक्यांच्या नावाने शोधली तर हे सगळे चित्रपट सुटतात. कोल्हापूरशी नातं निघालं तर शोध महाराष्ट्र फिल्म कंपनीकडे वळवावा लागेल, आणि मुंबईशी निघालं तर शारदा, कोहिनूर, इम्पीरियल अशी वेगळीच दारं आहेत.

तिसरी गोष्ट नाव बदललेलं असण्याची. विशेषतः घरातली बाई मूकपटात असेल तर हे आधी तपासावं. ‘सैरंध्री’तल्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. रूबी मायर्सची सुलोचना झाली. पुरुषांमध्ये हे कमी, पण मास्टर, भाऊ, अण्णा अशा हाकेच्या नावांखाली खरं नाव पार बुडालेलं असतं.

इतकं झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, पण प्रश्न बदलून. ‘कुठल्या सिनेमात होते?’ असं विचारलं की सगळे ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणतात, कारण तेवढंच नाव माहीत असतं. त्याऐवजी विचारा : पगार कोण देत असे? राहायला कुठे होते? जेवायला कुणाकडे? मिशा कधी काढल्या, त्यावरून घरात काही बोलणं झालं होतं का? सहकाऱ्यांपैकी कुणाचं घरी जाणं-येणं होतं? सिनेमा सुटल्यावर काय केलं? फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक करत आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत कामंही करत. अशा घरगुती तपशिलांशी जुळणारी आठवण निघाली तर ती सिनेमाच्या नावापेक्षा जास्त मोलाची. आणखी एक शब्द कान देऊन ऐका : कारखाना. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमीपणाचं होतं की ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असं सांगा’, असं फाळके आपल्या माणसांना सांगत. ‘आजोबा नाशिकला कसल्यातरी कारखान्यात होते’ असं एखादी आत्या म्हणाली, तर तिला थांबवू नका.

आता फोटो. तो फ्रेममधून काढायचा असेल तर सावकाश काढा, काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात करू नका, त्यातून फोटो परत सोडवता येत नाही. 600 डीपीआयला, रंगीत मोडमध्ये, टिफ फाइल करा. फोटो काळा-पांढरा दिसला तरी रंगीतच, कारण तपकिरी किंवा जांभळट छटेवरून छपाईचा प्रकार ओळखता येतो. पुठ्ठा कापू नका. खालच्या पट्टीवर उठवलेलं छायाचित्रकाराचं नाव आणि मागचा शिक्का हा निम्मा पुरावा असतो. फोनमधल्या ‘चेहरा स्पष्ट करा’ छाप सोयी वापरू नका. त्या नसलेले डोळे-नाक भरतात आणि पुढे तुलनेला तो फोटो निरुपयोगी होतो.

नाटकातला फोटो आणि सिनेमातला फोटो यांत फरक करता येतो, पण खात्रीने दरवेळी नाही. नाटकातल्या स्त्रीपार्टी नटाचा फोटो बहुधा छायाचित्रकाराच्या स्टुडिओतला असतो : एकटी व्यक्ती, पाठीमागे रंगवलेला पडदा, बाजूला खांब किंवा तिपाई, नजर थेट कॅमेऱ्याकडे, उजेड मऊ. सिनेमाच्या स्थिरचित्रात दोन-चार पात्रं प्रसंगात गुंतलेली असतात आणि कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांत बोलकी असते ती सावली. सुरुवातीचं चित्रण उन्हात व्हायचं. ‘महाल’ म्हणजे वर छत नसलेल्या जागेत उभे केलेले रंगीत पडदे. त्यामुळे राजवाड्याच्या आत म्हणून दाखवलेल्या प्रसंगातही नाकाखाली आणि पदराखाली कडक उन्हाची काळी सावली पडते, कधी पडद्याला वाऱ्याने आलेली सुरकुतीही दिसते. कुंकू काळंभोर दिसतं म्हणून तो सिनेमाचाच फोटो, असा निष्कर्ष काहीजण काढतात, तो चुकीचा आहे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे हे खरं. पण छायाचित्रकार निगेटिव्हसाठी ज्या काचा वापरत त्याही तशाच होत्या, म्हणून लाल दोन्हीकडे काळाच येतो.

कागदपत्रांकडे वळताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी छापील चित्रपटसूचीतून त्या कंपनीचे त्या-त्या वर्षांचे सगळे चित्रपट उतरवून घ्या. नंतर वर्तमानपत्रं. प्रदर्शनाच्या आठवड्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे बघा : मुंबईसाठी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ आणि ‘टाइम्स’, मराठीत ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही जुनी नियतकालिकं आहेत, तिथे प्रत्यक्ष जाऊन बसावं लागतं. मुंबईत लागलेला चित्रपट पुण्या-सोलापुरात महिन्यांनी पोचत असे, त्यामुळे गावच्या जाहिरातीवरून चित्रपटाचं साल ठरवू नका.

1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि 1920 मध्ये मुंबईत सेन्सॉर बोर्ड बसलं. तिथून पुढे प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांची नोंद सरकारी कागदांत येते : नाव, कंपनी, रिळं, लांबी फुटांत. नटांची नावं त्यात नसतात, तरी चित्रपट खरोखर तयार झाला आणि कधी, हे त्यावरून पक्कं होतं. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात त्या काळचं सरकारी राजपत्र पाहता येतं. 1920 च्या आधीच्या चित्रपटांसाठी मात्र हा रस्ता बंद आहे. 1927–28 मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची सरकारी चौकशी झाली, तिच्या साक्षींचे खंड उपलब्ध आहेत आणि फाळक्यांची साक्षही त्यात आहे. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव मिळेल अशी अपेक्षा धरू नका. कंपन्या कशा चालत, माणसं कशी मिळत, हे समजून घ्यायला त्याहून चांगली जागा मात्र नाही.

कोर्टाचे कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. नट पगारी असल्यामुळे कंपनी सोडली की करारभंगाचा दावा होई. मूकपटांतले नट मास्टर विठ्ठल शारदा कंपनी सोडून सागर कंपनीकडे गेले तेव्हा असाच खटला झाला आणि त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. तेच विठ्ठल मग ‘आलमआरा’चे नायक झाले, 14 मार्च 1931 रोजी तो मॅजेस्टिकला लागला. तुमचे पणजोबा इतके मोठे नट नसतील, पण कंपनी बुडताना थकलेल्या पगाराचे वाद होत असत. घरातल्या ट्रंकेत स्टँपपेपर, नोटिशीचं पाकीट किंवा मनीऑर्डरची पावती असेल तर ती आधी बघा. नाव, रक्कम, तारीख आणि कंपनी एकाच कागदावर देणारा दुसरा पुरावा क्वचितच मिळतो.

माणूस कोण, कुठला, कधी वारला याच्या नोंदी वेगळ्या. नगरपालिकेची जन्म-मृत्यू नोंद, शाळेचा दाखला आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवरून घराण्याची नावं आणि मूळ गाव पक्कं होतं. या वह्या गाव आणि आडनावावरून उघडतात, म्हणून जाण्याआधी मूळ गाव कळायला हवं. आजचं राहतं गाव सांगून उपयोग होत नाही.

शिल्लक चित्रपट पाहायचेच असतील तर पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ, ‘लंकादहन’चा लहान तुकडा, ‘श्रीकृष्णजन्म’चा काही भाग आणि ‘कालिया मर्दन’ बऱ्यापैकी पूर्ण, असा फाळक्यांचा ठेवा आहे. यातही एक गाठ आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळं दाखवली जातात ती 1917 मध्ये पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. विषय तोच, दाबके-साळुंके तेच, म्हणून नुसत्या चेहऱ्यांवरून साल सांगता येत नाही. इतक्या प्रसिद्ध चित्रपटाची ही स्थिती असेल, तर मागच्या रांगेतल्या एका दासीकडे बोट दाखवून ‘हेच आमचे पणजोबा’ म्हणताना किती जपायला हवं ते लक्षात येईल.

इंटरनेटवर पाहणार असाल तर वेग तपासा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) असतात. सेकंदाला 16 चौकटी हा तेव्हाचा साधारण वेग, म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्याने तो 14 ते 20 मध्ये खालीवर होई. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट सांगतात. 16 च्या वेगाने तो सुमारे 62 मिनिटांचा होतो, बोलपटाच्या 24 च्या वेगाने 41 मिनिटांचा. आपल्याला ‘चाळीस मिनिटांचा’ असं जे वाचायला मिळतं ते या दुसऱ्या हिशेबाशी जुळतं. माणसं लुटुलुटु पळताना दिसतात ती अभिनयाची चूक नव्हे, वेगाची आहे. यूट्यूबवर माणसं अशी पळत असतील तर वेग 0.75 करा, 24 चा 18 होतो आणि चालणं, वळणं, पदर सावरणं माणसासारखं दिसू लागतं. नटाचं काम पारखायचं तर याच वेगाने. व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट पुढेमागे नेता येते.

चेहरा जुळवताना केस, भुवया आणि ओठ सोडून द्या, ते सगळं टोप आणि रंगाचं असतं. कानाची पाळी (पदराबाहेर असेल तर), डोळ्यांमधलं अंतर, हनुवटीचा आकार, बोटांची लांबी आणि शेजारच्या ओळखीच्या नटाच्या तुलनेत उंची बघा. दाबक्यांसारखा नक्की माहीत असलेला माणूस चौकटीत असेल तर उंचीचा अंदाज बरा लागतो. तीन-चार गोष्टी जुळल्या तरी लिहिताना ‘शक्यता’च लिहा.

माळ्यावर फिल्मचा डबा सापडला तर तो घरात उघडून बघत बसू नका. 1950 च्या आसपासपर्यंतची 35 मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असते. ती झपाट्याने पेटते, पेटल्यावर पाण्याने विझत नाही आणि धूर विषारी असतो. पेटवून खात्री करायचा प्रयोग तर मुळीच नको. तिखट उग्र वास, मधासारखा चिकटपणा किंवा तपकिरी भुकटी दिसली तर ती सडत आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे नंतरची, सहज न पेटणारी फिल्म. डबा थंड, हवेशीर, विजेच्या तारांपासून दूर ठेवा, झाकण घट्ट बसवू नका आणि संग्रहालयाला फोन करून त्यांच्या सूचनेप्रमाणे वागा. कुरिअरने किंवा एसटीने पाठवू नका. आधीच सुटलेलं टोक दिसत असेल तर कडेचा मोबाइलवर एक फोटो घ्या. कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी सालाची खूण असते : 1916 ला वर्तुळ, 1917 ला चौकोन, 1918 ला त्रिकोण. दर वीस वर्षांनी खुणा परत येतात, म्हणून वर्तुळ 1936 चंही असू शकतं. तेव्हा चित्राची रुंदी बघा. मूकपटाचं चित्र दोन्हीकडच्या भोकांपर्यंत पूर्ण पसरलेलं असतं. बोलपटात एका बाजूला आवाजाची अरुंद पट्टी असते.

हाताशी आलेलं लिहून ठेवताना तीन रकाने करा : कागदावर आहे ते, घरात सांगतात ते, आणि आपण लावलेला तर्क. ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत पगारावर होते, स्त्रीभूमिका करत असं घरात सांगतात, नाशिकमधला फोटो बहुधा चित्रीकरणाचा’ एवढं जरी पुराव्यानिशी उभं राहिलं तरी मूकपटातल्या नटाचं चरित्र म्हणून ते भक्कम आहे. त्या काळच्या बहुतेकांबद्दल एवढंही लिहिलेलं नाही.

तूर्त पणजोबांचं जन्मसाल, मूळ गाव आणि फोटोची मागची बाजू पुठ्ठ्यासकट स्कॅन करून द्या. छायाचित्रकाराचं गाव कळलं की नाटक की सिनेमा आणि नाशिक की कोल्हापूर, यातलं निदान एक तरी ठरवता येईल.